तबकडीवरील चित्राचा उतारा आणि त्याचे आकारवर्धन : घरगुती संग्रहाविषयी एक पाठचिकित्सक टिपण

१. प्रास्ताविक

घरातील कपाटात साठलेल्या डीव्हीडी संगणकात उतरवून घेणे आणि नंतर त्यांतील चित्र मोठ्या पडद्याला शोभेल असे वाढविणे हा उद्योग आजकाल अनेक जण हौसेने करतात. बाजारात यांपैकी पहिल्या क्रियेला 'रिप करणे' आणि दुसरीला 'अपस्केल करणे' म्हणतात. प्रस्तुत टिपणात पहिलीला 'उतारा' व दुसरीला 'आकारवर्धन' असे म्हटले आहे. भाषाशास्त्राच्या विभागाच्या पत्रिकेत या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, बोलींच्या अभ्यासकाचा संग्रह आता केवळ वह्यांचा राहिलेला नाही. १९६०च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली मराठीच्या बोलींची सर्वेक्षणे प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा अभ्यासकाचे मुख्य साधन लेखणी आणि कान हेच होते. या शतकाच्या आरंभी आपल्यापैकी अनेकांनी लहान चित्रण-यंत्रे घेऊन खेडी पालथी घातली आणि जे मिळाले ते तबकड्यांवर उतरवून ठेवले. त्या तबकड्या आता वीस वर्षांच्या झाल्या आहेत, आणि त्या वाचणारी यंत्रे नव्या संगणकांतून जवळजवळ नाहीशी झाली आहेत.

प्रस्तुत लेखकाचा जालना येथील संग्रह असाच मिश्र आहे. त्यात विकत घेतलेले मराठी चित्रपट आहेत, नाट्यप्रयोग आहेत, आणि भोकरदन व जाफराबाद तालुक्यांत स्वतः केलेली बोलींची चित्रणेही आहेत. नाट्यप्रयोगांचे महत्त्व कमी लेखू नये. मराठवाडा विद्यापीठातील प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा उभ्या केल्या आणि मराठवाड्याच्या बोलीला रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवून दिले. २००९ साली त्यांचे निधन झाले. आता त्यांच्या उच्चाराचा पुरावा म्हणून केवळ मुद्रणेच शिल्लक आहेत.

२. तबकडीवर वस्तुतः काय असते

डीव्हीडी १२ सेंटिमीटर व्यासाची व १.२ मिलिमीटर जाडीची असते. ०.६ मिलिमीटरचे दोन पापुद्रे एकमेकांस चिकटवून ती तयार होते. त्यांच्यामधील थरावर एक सर्पिल रेषा असते आणि ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर ती रेषा वाचतो. एका थरात ४.७ अब्ज व दोन थरांत सुमारे ८.५ अब्ज बाइट मावतात. विकत मिळणाऱ्या तबकडीवरील खुणा साच्याने दाबून उमटविलेल्या असतात, तर घरी अथवा दुकानात 'बर्न' केलेल्या तबकडीवर त्या एका सेंद्रिय रंगद्रव्यात उमटलेल्या असतात. हे रंगद्रव्य उष्णतेने व प्रकाशाने बिघडते. जालन्याचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नये. यावरून पहिला व्यावहारिक नियम निघतो. उताऱ्यास आरंभ विकत घेतलेल्या चित्रपटांपासून न करता स्वतः केलेल्या चित्रणांपासून करावा. चित्रपटाची दुसरी प्रत कोठे तरी मिळेल; ओवी म्हणणाऱ्या आजीबाईंची मिळणार नाही.

तबकडीचा बिघाड प्रथम दिसून येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तबकडीवर मूळ माहितीबरोबर तिच्या दुरुस्तीसाठी जादा अंक लिहिलेले असतात. लहानसहान ओरखडे त्यांच्या साह्याने यंत्र आपल्या नकळत भरून काढते. नुकसान एका मर्यादेपलीकडे गेले की मात्र चित्र एकाएकी गोठते. आज नीट चालणारी तबकडी निर्दोष आहे, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

चित्राविषयी म्हणावयाचे तर, आपल्याकडील पाल पद्धतीत एक चौकट ७२० × ५७६ बिंदूंची असते आणि सेकंदाला २५ चौकटी असतात. एनटीएससी पद्धतीत ती ७२० × ४८० बिंदूंची असून सेकंदाला सुमारे २९.९७ चौकटी असतात. आपल्या बाजारात दोन्ही प्रकार आढळतात. मराठी चित्रपट बराच काळ ज्या व्हीसीडीवर घरोघरी पोहोचले, तिची चौकट तर ३५२ × २८८ एवढीच होती. डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ या पद्धतीने आटवून ठेवलेले असते. त्यात उजेड-अंधाराची माहिती पूर्ण घेतात. रंगाची मात्र दर चार बिंदूंस मिळून एकदाच घेतात. म्हणजे तबकडीवरील पाठ हाच मुळात एक संक्षेप आहे. तथापि आपल्या हाती असलेली सर्वांत जुनी प्रत तीच आहे.

३. उतारा

उताऱ्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: जे तबकडीवर आहे ते, आणि तेवढेच, जसेच्या तसे दुसरीकडे न्यावे. मेकएमकेव्हीसारखी आज्ञावली तबकडीवरील चित्र, ध्वनी व उपशीर्षके यांना हात न लावता एका फाइलीत बांधून देते. हँडब्रेकसारखी आज्ञावली चित्र नव्याने आटविते. तिची प्रत आटोपशीर होते, पण ती मूळ प्रत राहत नाही. पहिली लेखनिकाची नक्कल आणि दुसरी सारांशकाराचा सारांश, असा हा भेद आहे. दोन तासांच्या चित्रपटास सहा अब्ज बाइट लागतात असे धरले, तरी १०० तबकड्यांचा संपूर्ण उतारा एक टेराबाइटच्या साठवण-यंत्रात सहज मावतो. जागेच्या काटकसरीसाठी सारांश करण्याचे कारण आज उरलेले नाही. ध्वनीच्या बाबतीत तर हा नियम कसोशीने पाळावा. तबकडीवरील ध्वनी बहुधा एकदा आटविलेला असतो, आणि दुसऱ्यांदा आटविताना प्रथम बळी पडतात ते उच्च कंप्रतेचे घर्षणध्वनी. 'चहा'तील तालव्य च आणि 'चाक'मधील दंत्य च यांचा भेद नेमका त्याच प्रदेशात राहतो.

खराब तबकडीसाठी वेगळी रीत आहे. तबकडीवरील माहिती २०४८ बाइटांच्या कप्प्यांत विभागलेली असते. डीडीरेस्क्यू ही मुक्त आज्ञावली सोपे कप्पे आधी वाचते, अडलेले नंतर पुनःपुन्हा वाचून पाहते आणि न वाचता आलेल्यांची नोंद ठेवते. एका यंत्राला न वाचता आलेला कप्पा दुसऱ्या यंत्राला कधीकधी वाचता येतो, म्हणून दोन-तीन जुनी यंत्रे जवळ बाळगावीत. उतारा झाल्यावर त्याची 'शा-२५६' ही अंकमुद्रा काढून वहीत लिहावी. फाइलीतील एक बिट जरी बदलला तरी ही ६४ चिन्हांची मुद्रा पार बदलते. त्यामुळे पाच वर्षांनी प्रत शाबूत आहे की नाही हे क्षणात कळते.

येथे कायद्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. १९५७च्या कॉपीराइट अधिनियमाचे कलम ५२ खाजगी उपयोगासाठी, आणि त्यात संशोधनासाठीही, केलेल्या न्याय्य वापरास मुभा देते. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगते. विकत घेतलेल्या बऱ्याच तबकड्यांवर असे कुलूप असते. अर्थात स्वतःच्या अभ्यासासाठी काढलेली प्रत आणि वाटलेली वा विकलेली प्रत यांत अंतर आहे, आणि अध्यापकाने ते विद्यार्थ्यांसमोर पाळून दाखविले पाहिजे. चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. १९५३ सालच्या 'श्यामची आई'वरील हक्क या हिशेबाने २०१३च्या अखेरीस संपला. स्वतः केलेल्या चित्रणांत कायद्यापेक्षाही बोलणाऱ्याला दिलेला शब्द मोठा समजावा.

४. काळाचे दोन घोटाळे

आकारवर्धनाकडे वळण्यापूर्वी काळासंबंधीचे दोन घोटाळे निस्तरावे लागतात. दोहोंचा ध्वनिशास्त्राशी प्रत्यक्ष संबंध आहे.

पहिला घोटाळा गतीचा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी घेतलेला असतो. पाल तबकडीवर तो बहुधा २५ चौकटींनी धावतो. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि ध्वनीची पट्टीही तितकीच चढते. २०० हर्ट्झचा स्वर २०८.३ हर्ट्झचा भरतो. १२० मिलिसेकंदांचा दीर्घ स्वर ११५.२ मिलिसेकंदांचा होतो. अशा तबकडीवरून स्वरांची मापे घेणारा विद्यार्थी प्रत्येक मापात सुमारे चार टक्क्यांची चूक करीत असतो, आणि चूक सर्वत्र सारखी असल्यामुळे ती त्याच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे. चित्रपटाच्या प्रमाणपत्रावरील कालावधी तबकडीच्या कालावधीशी ताडून पाहावा, मधली दृश्ये गाळलेली नाहीत याची खात्री करावी, आणि मापनासाठी गती मूळपदी आणलेली वेगळी प्रत करावी.

दुसरा घोटाळा विणीचा. दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रणात एक चौकट अखंड नसते. तिच्या विषम ओळी एका क्षणीच्या व सम ओळी त्यानंतर १/५० सेकंदाने घेतलेल्या असतात. संगणकाच्या पडद्यावर हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते यामुळेच. ते घालविण्याचा आळशी मार्ग म्हणजे एक ओळसंच टाकून देणे. पण त्यामुळे निम्मा काळ आपण फेकून देतो. प्रत्येक ओळसंचाची स्वतंत्र चौकट केली, तर सेकंदाला ५० चौकटी मिळतात आणि ओठांची हालचाल ४० ऐवजी २० मिलिसेकंदांच्या अंतराने पाहता येते. 'प'साठी ओठ सुमारे ८० ते १०० मिलिसेकंद मिटलेले असतात असे धरले, तर दोन चौकटींच्या जागी चार-पाच चौकटींचा पुरावा हाती येतो.

५. आकारवर्धन म्हणजे काय

आता मुख्य प्रश्न. पाल तबकडीच्या चौकटीत ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. आजच्या साध्या 'फुल एचडी' पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. ही संख्या बरोबर पाचपट आहे. चित्राने तो पडदा भरावयाचा तर दर पाच बिंदूंमागे चार बिंदू कोठून तरी आणावे लागतात. 'फोर के' पडद्यावर हे प्रमाण वीसपट होते. तेथे वीसांतील एकोणीस बिंदू मुळात नसलेले असतात.

हे बिंदू आणण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत शेजारच्या बिंदूंची सरासरी काढून मधली जागा भरतात. या रीतीने चित्र काहीसे मऊ दिसते, परंतु ती चित्रात नवे काही घालीत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत पुढे आलेली दुसरी रीत निराळी आहे. तीत कृत्रिम चेताजालाला स्वच्छ चित्रे आणि त्यांचीच लहान व बिघडविलेली रूपे अशा असंख्य जोड्या दाखवितात. धूसर रूपावरून स्वच्छ रूप कसे असेल, हे ते त्यांवरून शिकते. २०१४ साली या दिशेचे पहिले गाजलेले जाल अवघ्या तीन थरांचे होते. २०२१ सालचे रिअल-ईएसआरगॅन घरच्या संगणकावर चालते आणि फुकट मिळते. दोन तासांच्या चित्रपटात १,८०,००० चौकटी असतात. यंत्राने सेकंदाला पाच चौकटी केल्या तरी दहा तास लागतात. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावी म्हणून काम लहान तुकड्यांत विभागून करावे, म्हणजे वीज गेल्यास एखादाच तुकडा वाया जातो.

या जालाच्या उत्तराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. धूसर ठिपक्यापाशी पोहोचल्यावर ते 'येथे काय होते' हे सांगत नाही, कारण ते त्याला ठाऊक नसते. 'मी पाहिलेल्या चित्रांत अशा ठिकाणी बहुधा काय असते' एवढेच ते सांगते. संग्रहालयातील पुनरुद्धाराशी याची गल्लत करू नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी मूळ फीत अथवा तिची जुनी छपाई नव्याने वाचली जाते. तेथे वाढणारा तपशील फितीवर खरोखरच असतो. घरगुती आकारवर्धनात मूळ साधन तबकडीच असते, आणि वाढलेला तपशील हा अनुमानाचा असतो.

६. एक उदाहरण

हा भेद केवळ तात्त्विक वाटू नये म्हणून प्रस्तुत लेखकाची एक चूक येथे नमूद करणे इष्ट वाटते. २००६ साली भोकरदन तालुक्यातील एका गावी सुमारे ऐंशी वर्षांच्या एका बाईंचे बोलणे चित्रित केले होते. त्यांचे पुढचे सगळे दात पडलेले होते, आणि चित्रणाचा हेतूही तोच होता. 'जातं' आणि 'जीभ', 'चाक' आणि 'चहा' यांतील दंत्य-तालव्य भेद दात नसलेला वक्ता कसा सांभाळतो? जीभ कोठे टेकते, ओठ काही वेगळे करतात काय? कानाला त्यांचा भेद स्पष्ट ऐकू येत होता. त्या दळताना म्हणावयाच्या ओव्या म्हणत आणि मधेच थांबून जात्याचे वर्णन करीत.

काही वर्षांपूर्वी ती तबकडी उतरविली आणि नव्या आज्ञावलीने तिचे आकारवर्धन केले. चेहरा इतका स्वच्छ झाला की त्या आनंदात उताऱ्याची मूळ फाइल जागा अडविते म्हणून पुसून टाकली. पुढे अभ्यासासाठी एकेक चौकट पाहू लागल्यावर ध्यानात आले की, बाईंना दात आले आहेत. प्रत्येक चौकटीत नव्हे. ओठ उघडे आणि आतील भाग अंधुक असेल तेथे आज्ञावलीने पांढऱ्या दातांची एक व्यवस्थित रांग बसविली होती. तिने पाहिलेल्या चेहऱ्यांत उघड्या तोंडात दात असतात. तिच्या दृष्टीने चूक काहीच नव्हती. तबकडी पुन्हा यंत्रात घातली तेव्हा तिचा शेवटचा सुमारे तिसरा हिस्सा वाचता आला नाही. बाई तर केव्हाच वारल्या होत्या. तेव्हा त्या भागातील 'जातं' या शब्दाचा दृश्य पुरावा म्हणून आता अनुमानाने बसविलेले दात तेवढे उरले आहेत. ध्वनी शाबूत आहे, तो केवळ आकारवर्धन ध्वनीला शिवत नाही म्हणून.

या उदाहरणात आज्ञावलीचा दोष फार थोडा आहे. दोष आहे तो अनुमान आणि पाठ यांची सरमिसळ करणाऱ्याचा.

७. पाठचिकित्सेचा नियम

ही सरमिसळ टाळण्याचे शास्त्र आपल्याला नवे नाही. जालन्याच्या शेजारच्या जिल्ह्यात, पैठण येथे, शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरांनी बिघडलेला ग्रंथ त्यांनी वाचनीय केला आणि पुढच्यांनी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावलेही. वाचकांवर त्यांचे उपकार अपार आहेत. तरीही भाषेच्या इतिहासकाराला एकनाथांच्या पलीकडची प्रत हवी असते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली आपल्या मते अधिक जुनी असलेली पोथी छापली, ती याच ओढीने. शुद्ध केलेली प्रत वाचावयास उत्तम, परंतु शुद्ध करताना काय बदलले हे तिच्यावरून कळत नाही. एकनाथांना ग्रंथाची भाषा व परंपरा अवगत होती. चेताजालाला भोकरदनच्या बाईंचे तोंड अवगत नव्हते. एकनाथांच्या शुद्धीविषयीही आपण प्रश्न विचारतो, मग यंत्राच्या शुद्धीविषयी किती विचारावेत!

दुसरा आदर्श पुण्याचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या संपादकांनी जेथे पाठ निश्चित वाटला नाही तेथे मजकुराखाली नागमोडी रेघ दिली आणि पाठभेद तळटीपांत जपले. अनुमान करणे त्यांनी वर्ज्य मानले नाही. अनुमान लपविणे मात्र वर्ज्य मानले. घरगुती आकारवर्धनात अशी नागमोडी रेघ कोणी देत नाही. प्रत्येक बिंदू सारख्याच आत्मविश्वासाने उजळलेला असतो आणि पाहणाऱ्याला पाचांतील चार कोणते हे सांगता येत नाही.

म्हणून संग्राहकाने पुढील शिस्त पाळावी. मूळ उतारा हीच आदर्श प्रत मानावी. तिची अंकमुद्रा नोंदवावी आणि ती निदान दोन ठिकाणी, त्यांपैकी एक घराबाहेर, ठेवावी. वीण सोडविलेली अथवा गती सुधारलेली प्रत ही संपादित प्रत समजून तिच्या नावातच तसे लिहावे. आकारवर्धित प्रत केवळ पाहण्यासाठी आहे असे मानावे. तिच्या नावात आज्ञावलीचे नाव, आवृत्ती व दिनांक घालावा. वर्गात दाखविताना ती आकारवर्धित आहे हे तोंडी सांगावे. आणि कोणत्याही परिस्थितीत तिच्यावरून ओठ, दात, जीभ यांविषयी विधान करू नये.

सायंकाळी कुटुंबासह जुना चित्रपट पाहावयाचा असेल, तर आकारवर्धित प्रत खुशाल लावावी. धूसर झालेला बालपणीचा चित्रपट स्वच्छ दिसू लागला की होणारा आनंद खोटा नसतो, आणि चेहऱ्यावरची एखादी सुरकुती यंत्राने कमी केल्यास त्याने कोणाचे बिघडत नाही. मात्र ज्या चित्रात आपला पुरावा आहे, त्याचा मूळ उतारा आधी करावा, आणि तो या उन्हाळ्यापूर्वीच करावा. कपाटातील तबकड्यांपैकी कोणती उद्या वाचता येणार नाही, हे त्यांच्याकडे पाहून समजत नाही.